कृत्तिकेची वाटणी

माझे बाबा आणि मोठबा, म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ, एकमेकांशी बोलत नव्हते असं मी सांगितलं की ऐकणारे मान डोलावतात आणि म्हणतात, असतं हो, घरोघरी असतं. घरोघरी असते ती धुसफूस. आमच्याकडे होतं ते युद्ध. आजा गेला, त्याची तेरवी आटोपली, पाहुण्यांच्या बंड्या गावाबाहेर पडल्या न पडल्या तोच या दोघांनी वाटणी काढली, आणि ती अशी काढली की अड्याळच्या बाजारात लोक भाजीवर फुकटचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, द्यावा तशी आमची गोष्ट एकमेकांना देत होते. धानाच्या बांध्या वाटल्या, बैल वाटले, छपरावरचे कवेलू एकेक उतरवून वाटले. घराच्या मधोमध भिंत घातली ती नेमकी देवघरातून गेली, त्यामुळे आमच्या बाजूला देव आले आणि त्यांच्या बाजूला घंटी गेली. परसातल्या फणसाला मधून चुन्याची रेघ ओढली. त्या झाडाला बिचाऱ्याला कळेना कोणाच्या बाजूला फळ धरावं, म्हणून दोन वर्षं त्यानं फळच धरलं नाही. खोटं वाटत असेल तर फणसाला विचारा, अजून उभा आहे.

आमच्या घराण्यात वाटणीचा नियम होता: उजवं मोठ्याचं, डावं धाकट्याचं. कोणी केला, कधी केला, कोणाला ठाऊक नाही, पण रामायण खोटं ठरेल आणि हा नियम खोटा ठरणार नाही अशी दोघांची श्रद्धा. सगळं वाटून झाल्यावर खुंटीला आज्याचा चष्मा लटकलेला दिसला. जाड काचांचा, एक दांडी सुतळीनं बांधलेली. मोठबानं तो काढला, गुडघ्यावर ठेवून कडकन मोडला, उजवी काच कमरेला खोचली आणि डावी बाबांच्या अंगावर फेकली. त्या काचांतून दोघांनाही काडीचं दिसत नव्हतं. पण प्रश्न दिसण्याचा नव्हताच.

एवढ्या सगळ्यातून एकच गोष्ट अखंड उरली, ती म्हणजे खळं. गावाच्या वरच्या अंगाला, बोडीच्या तळ्याकाठी ती उंचवट्याची जागा होती, शेणानं सारवून सारवून दगडासारखी झालेली. ती तोडायची सोय नव्हती. मधल्या खुंटाभोवती बैल फिरवायचे तर सगळं वर्तुळ लागतं. अर्ध्यात बैल फिरत नाही. आणि डावा अर्धा, नियमानं आमचा येणारा, बोडीच्या पाण्याकडे असा उतरता होता की त्यावर धान मळायचं म्हणजे माशांना जेवू घालायचं. आज्यानं जीव सोडताना पाणी मागितलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही, म्हणाला, "तोंडं तोडा, खळं तोडू नोका." त्यातली पहिली आज्ञा दोघांनी मनापासून पाळली. दुसरी मोडायचं निमित्त मोठबा दरवर्षी शोधत होता, आणि बाबांना दरवर्षी तीच एक भीती होती. खळं गेलं तर आमचं धान दुसऱ्याच्या खळ्यावर, दुसऱ्याच्या पाया पडून मळावं लागणार. बाबा साप हातानं धरत, पण "भिंत" हा शब्द ऐकला की जेवण सोडून उठत.

आता दृश्य डोळ्यांसमोर आणा. धान कापून झालं की पेंढ्या एकावर एक रचून घराएवढा ढीग करतात, लोंब्या आत, बुडखे बाहेर. त्याला आमच्याकडे पुंजणं म्हणतात. मळणी होईस्तोवर ते राखायला कोणीतरी खळ्यावर निजावं लागतं. उजवीकडे मोठबाचं पुंजणं, त्याला टेकून त्याची भाताच्या तणसाची खोपडी, तिच्यापुढे त्याची शेकोटी. डावीकडे आमचं पुंजणं, आमची खोपडी, आमची शेकोटी. म्हणायला चोरांची राखण. खरं तर दोघं भाऊ एकमेकांना राखत. पूसमाघातली थंडी अशी, की तोंडातून निघालेली शिवी गोठून खाली पडावी आणि सकाळी झाडून काढावी लागावी. त्या थंडीत हे दोघं समोरासमोर घोंगडी पांघरून बसत आणि बोलत; एकमेकांशी नव्हे. बाबा आपल्या ढवळ्या बैलाशी बोलत आणि मोठबा आपल्या कुत्र्याशी, ज्याचं नाव टायगर होतं आणि जो मांजरीला घाबरे.

"आयकलं का रे ढवळ्या," बाबा म्हणत, "काही लोकाईचं पुंजणं यंदा बसून रायलं. पाप वजनदार असते."

"टायगर," तिकडून आवाज येई, "काही बैलाईले मालक असा भेटते का बैलच त्याच्यापक्षा शहाणा दिसते."

ढवळ्या रवंथ करी, टायगर शेपटी हलवी, आणि मी मधे दोन्ही आगींच्या उजेडात जेवणाचा डबा सोडत बसे. डब्यात लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण, तांदळाची भाकर, जवसाची चटणी, आणि आईच्या मनात असलं तर बोडीतले वाळवलेले झिंगे परतून. ती चटणीसुद्धा शांततेत होत नसे. मधल्या भिंतीच्या या अंगाला आईचं मुसळ, त्या अंगाला मोठाईचं, म्हणजे मोठबाच्या बायकोचं. पहाटे एकीनं घाव घातला की दुसरी त्याहून मोठा घाली. अशा तऱ्हेनं दोन्ही घरांत मिरची इतकी बारीक कुटली जाई की खाणाऱ्याला ती दिसत नसे, नुसतं मरण आल्यासारखं वाटे. मला वाटतं माझा आवाज हा असा गावभर जाणारा झाला तो त्या दोन मुसळांवर चढून बोलायची सवय लागली म्हणून.

त्या वर्षी मी मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात होते. शाळेत नवीन विज्ञानाचे सर आले होते, अंगानं काडी आणि बोलायला लागले की वणवा. त्यांनी एक दिवस सांगितलं, म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्याची काच आणि घड्याळजीचं भिंग नळीच्या दोन टोकांना बसवलं की दुर्बीण होते. वर्गातल्या पोट्ट्यांनी ऐकलं आणि विसरले. मी घरी येऊन बाबांपुढे हात पसरला.

"आज्याची काच द्या."

"कायले?"

"तारे पाहाले."

बाबांनी फडताळातून काच काढली, धोतरानं पुसली आणि म्हणाले, "घे. येवीतेवी मले त्याच्यातून तुह्या मोठबाचंच तोंड दिसते."

भिंग बाजारातल्या घड्याळजीकडून मिळवलं. कसं मिळवलं ते त्या घड्याळजीच्या नातवंडांपर्यंत पोचू नये म्हणून सांगत नाही. नळी कटांग बांबूची. आत गाठी होत्या, त्या बाबांनी तापलेल्या सळईनं फोडल्या, आणि अख्खं घर असं धुरानं भरलं की आई बाहेर येऊन ओरडली, "पोरगी आभाळाले लागली, आन् बाप चुलीले लागला!" भिंगाकडच्या तोंडाला पुठ्ठ्याची सरकती नळी, काचेकडच्या तोंडाला मेण. खळ्याच्या काठी दुबेळकं असलेला एक खुंट रोवून त्यावर बांबू ठेवला, आणि पहिल्या रात्री तो डोळ्याला लावला तेव्हा मला काहीच दिसलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या रात्री पुठ्ठा सरकवता सरकवता एक धुरकट डाग हळूहळू आकसला, टोकदार झाला, आणि कृत्तिका माझ्या डोळ्यांत सांडली.

नुसत्या डोळ्यांना कृत्तिका म्हणजे सहासात दाण्यांचा घोसका, तोही टक लावून पाहिला तर. बांबूतून पाहिलं तर कोणी आभाळाच्या सुपात धान पाखडून एका कोपऱ्यात ढीग केल्यासारखं. मोठे दाणे, बारीक दाणे, आणि मधे कोंड्यासारखं चमकणारं काहीतरी, जे आहे की नाही हे डोळा आणि मन यांचं ठरत नव्हतं. आज्याची काच साधी, त्यामुळे प्रत्येक ताऱ्याला लुगड्यासारखा जांभळा काठ दिसे. पुढे मोठमोठ्या दुर्बिणींतून पाहिली मी तीच कृत्तिका, पांढरी स्वच्छ, इस्त्री केलेली. तिला काठ नव्हता. मला ती विधवेसारखी वाटली. मग रोहिणीजवळचा मोकळा पसरलेला पुंज शोधला, मग उशिरा वर येणाऱ्या पुष्यातला तो धुक्याचा ठिपका, जो बांबूत आला की मोहोळ फुटल्यासारखा फुटे. बोटं सुन्न, नाक वाहतंय, पापणीचं पाणी भिंगाला लागून भिंग आंधळं होतंय, आणि मागून बाबा ढवळ्याला विचारताहेत, "काय रे, पोरगी जित्ती हाये का?"

मोठबाला हे सहन होईना. त्याला मी तारे पाहते हे पटणंच शक्य नव्हतं. तारे काय पाहायचे, ते तर फुकट आहेत. तो टायगरला म्हणे, "बांबू आभाळाकडं, पण डोया कोठी? आपल्या पुंजण्यावर." पुंजण्याकडे बोट दाखवू नये, त्याच्या पेंढ्या मोजू नयेत, मोजल्या तर रास घटते, हे आमच्याकडे सगळेच मानत. आणि मी तर भिंग लावून बसलेली. माझ्याकडे पाहून तो शेकोटीत थुंके. मीही कमी नव्हते. त्याच्या बाजूला पाठ करून बसे आणि मनातल्या मनात त्याला रोज एकदा बोडीत बुडवून काढे. प्रेमानं नव्हे, परत बुडवता यावा म्हणून.

एका संध्याकाळी बाबा ढवळ्याला पाण्यावर घेऊन गेले होते. मी डबा घेऊन पायवाटेनं चढत होते. सूर्य बुडाला होता, पण उजेड होता, आणि दिवसा बांबू खाली झुकलेला असे, गावाच्या दिशेनं. खळ्यावर कोणी नाही असं पाहून मोठबा आमच्या हद्दीत शिरला. मी वळणावरच थांबले. त्यानं बांबूभोवती एक फेरी घातली, टायगरकडे पाहिलं, वाकला आणि डोळा लावला.

नंतर जो आवाज त्याच्या तोंडातून निघाला तो मी पुन्हा कधीच ऐकला नाही, आणि मी बाळंतपणं पाहिलेली बाई आहे. बोडीतले बगळे उडाले. टायगर बाबांच्या खोपडीत जाऊन लपला. मोठबा वहाणा तिथंच टाकून उतारावरून गावाकडे धावत सुटला, ओरडत, "उलटलं! माहं घर उलटलं!"

बांबू नेमका त्याच्याच घरावर लागलेला होता. ज्यानं अशी दुर्बीण हाताळली त्याला सांगायला नको. तिच्यातून सगळं उलटं दिसतं. ताऱ्यांना डोकं नाही, पाय नाहीत, त्यांचं काही बिघडत नाही. पण मोठबानं पाहिलं ते आपलं घर, कवेलू खाली आणि जोतं वर. आणि अंगणात मोठाई, डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन, पाय आभाळाला लावून, ठुमकत चाललेली.

रात्रीतून गावात एकच शब्द फिरला: करणी. हा शब्द आमच्याकडे हसायचा नव्हता. ज्या बाईच्या अंगाला तो चिकटे तिच्या हातचं पाणी बंद होई, तिच्या दारावरून लोक पोरं घेऊन लांबून जात, आणि काही ठिकाणी त्याच्याही पुढे गोष्ट गेलेली आम्ही ऐकली होती. मोठबानं तो शब्द माझ्या नावावर टाकला नाही. मी पोर. त्यानं तो माझ्या आईच्या नावावर टाकला. "हिच्या मायनं शिकवलं," म्हणाला. त्या रात्री भिंतीच्या आमच्या बाजूचं मुसळ वाजलं नाही. आई चुलीपुढे बसून होती आणि तिच्या हातातली काडी विझली तरी तिनं ती टाकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजेड असतानाच खळ्यावर गाव जमलं. पोलीस पाटील शेणाच्या सारवणावर पोतं अंथरून बसले. मोठबा उभा राहिला आणि म्हणाला, "यायच्या घरातून करणी होऊन रायली. तो बांबू आत्ता जाळा. आन् नाही जाळत, त उद्या खळ्यात भिंत. उजवं माहं, डावं त्याईचं." बाबा उठले. ओठ हलले. पण समोर ढवळ्या नव्हता, तो गोठ्यात होता, आणि भावाशी सरळ बोलायचं नाही म्हणून बाबा तोंड उघडून तसेच उभे.

तेवढ्यात गर्दी फाडून मोठाई आली. तिला नवऱ्यानं जे पाहिलं ते शेजारणीकडून कळलं होतं. पदर खोचलेला, हातात ओलं फडकं, चुलीवरून तशीच उठून आलेली.

"काय पाहिलं म्हणता तुमी?"

"तू उलटी चालत होती," मोठबा म्हणाला.

"पाय वरतं?"

"वरतं."

"आन् लुगडं?"

मोठबानं टोपी सारखी केली. गाव दोन पावलं पुढे सरकलं.

"मी ईचारून रायली, लुगडं कोठी होतं? पाय वरतं गेल्यावर लुगडं खालतं याले पायजे का नाई? गावापुढं सांगा, काय काय पाहिलं?"

"लुगडं जाग्यावर होतं," मोठबा कसाबसा म्हणाला.

"आन् गुंडीतलं पाणी? सांडलं?"

"नाई."

"मंग कायची उलटी!" मोठाईनं फडकं असं झटकलं की पाटलांच्या मिशीवर थेंब उडाले. "उलटी गुंडी अन् पाणी नाही सांडत, असी करणी जिले येते तिले मी माह्या घरी पाणी भराले ठेवीन! डोयाले मोतीबिंदू झाला असन तुमच्या."

गाव हसलं. मी ती संधी सोडणारी नव्हते. ओरडले, "या बांबूतून सगळंच उलटं दिसते. आमच्या घराकडं लावा, आमचं उलटं. देवळाकडं लावा, कळस खालतं." पाटलांनी उठून स्वतः डोळा लावला. पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा पाहिलं, आणि पोटावर हात ठेवून हसायला लागले. मग रांग लागली. पहिल्या दोघांनी आपापलं घर पाहिलं. तिसरा नारबा, ज्याचा शेजाऱ्याशी शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, वाद होता, तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, माहं नोको. त्याचं घर उलटं करून दाखव." त्याला दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मागचे सगळे भानावर आले. मग काय विचारता! ह्याला सोसायटीच्या सेक्रेटरीचं घर उलटं पाहायचं, त्याला सासऱ्याचं, एका बाईला सवतीचं, आणि एक म्हातारा तर पवनीच्या दिशेनं बांबू धरून म्हणे, "तेथल्या कचेरीवर लावता येते का?" आमच्या गावात एवढी दुश्मनी होती हे मला त्या दिवशी कळलं. कोणाच्या तोंडात करणी हा शब्द उरला नाही. मी गर्दीच्या कडेला पाहिलं, आई उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे डोळे वटारले. म्हणजे ती बरी झाली होती.

पण मोठबा एकटा पडला होता, आणि एकटा पडलेला माणूस जास्त चावतो. "करणी नाही त नाही," तो ओरडला. "पण यायच्यासंगं मी एका खळ्यात रायत नाही. उद्या भिंत. पाटील, तुमी साक्ष."

पाटलांचा डोळा अजून बांबूतून निघाला नव्हता. अंधार पडला होता, पूर्वेला कृत्तिका वर आली होती, मी बांबू तिकडे वळवून दिला होता. पाटील पाहतच राहिले होते. शेवटी म्हणाले, "अबे, हे त पुंजणं हाये! आभाळात पुंजणं!"

"कोणाचं?" मोठबानं विचारलं.

देवाशपथ सांगते, विचारलं. पुंजणं म्हटलं की त्याच्या तोंडातून दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं. त्यानं पाटलांना बाजूला सारलं आणि वाकला. या वेळी ओरडला नाही. खूप वेळ वाकून राहिला, इतका की त्याची टोपी खाली पडली ती त्याला कळली नाही. मग बांबूला डोळा तसाच ठेवून, हात लांब करून, हळूच म्हणाला, "उजव्या अंगाचे ठसठसीत दिसून रायले, ते माहे."

आणि बाबा बोलले. ढवळ्याशी नाही. सरळ. "आभाळात बी हिस्सा? चोरा! तुह्या बापाचं हाये का आभाळ?"

"तुह्या बी बापाचं नाई! मोठ्याचं उजवं!"

"उजवं बांबूतून का डोयानं? बांबूत उजवं ते डोयानं डावं. डावं माहं! माह्या वाट्याचे दाणे उचलून रायला तू, लुच्च्या!"

"काच बापाची हाये! बापाच्या काचीतून उजवं ते उजवं!"

"काच माह्या वाट्याची हाये!"

इतक्या वर्षांच्या साचलेल्या शिव्या होत्या. त्या ओळीनं येईनात, एकमेकींच्या अंगावर पडत आल्या. गाव तोंडात बोटं घालून ऐकत होतं. आई आणि मोठाई, ज्यांनी एकमेकींकडे पाहणं सोडलं होतं, त्या एकमेकींकडे पाहत होत्या. मग मोठाई पुढे झाली, दोघांच्या मधे उभी राहिली.

"भिंत पायजे ना तुमाले? घाला. पण वाटणी पुरी करा. अर्धी वाटणी करू नका. आदी हे वरचं पुंजणं वाटा, कोणाचा दाना कोणता ते गावापुढं कबूल करा, मंगच खालच्या खळ्याले कुदळ लावा. पाटील, काहून जी, बराबर का नाई?"

पाटील तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. "बराबर," ते गंभीरपणे म्हणाले. "वरचं मिटल्याबिगर खालचं नाई. पंचाईचा हुकूम."

दोघं भाऊ तावातावानं कबूल झाले. दोघांनाही वाटलं, एका रात्रीचं काम.

लोक घरी गेले. दोघं बांबूच्या दोन अंगांना बसले, मधे प्रथमच एक शेकोटी, कारण दोन शेकोट्यांतून शिव्या नीट ऐकू जात नव्हत्या. बराच वेळ भांडून एकदाचं ठरलं: बांबू नको, डोळ्याचंच उजवं धरायचं. बाबांनी ते मान्य केलं आणि मी कपाळाला हात लावला. कारण आमच्या मुलखात कृत्तिका जवळजवळ डोक्यावरून जाते. पूर्वेला असते तेव्हा माणूस पूर्वेकडे तोंड करून पाहतो. ती डोक्यावरून पलीकडे कलली की त्याला पश्चिमेकडे वळावं लागतं, आणि मग जे उजवं होतं ते डावं होतं. मोठबा वळला, पाहिलं, आणि त्याचे सगळे ठसठशीत दाणे बाबांच्या बाजूला गेलेले. "सरकवले!" तो किंचाळला. "रातच्यातून धुरा सरकवला!" मला ते आधीच ठाऊक होतं. मी घोंगडी डोक्यावरून घेतली आणि झोपले.

तो धुरा त्या हिवाळ्यात ठरला नाही, पुढच्या हिवाळ्यात ठरला नाही. कृत्तिका मिटेना म्हणून रोहिणीचा पुंज काढला, मग पुष्याचा. माझं लग्न झालं, मी भंडाऱ्याला गेले, माझ्या पोरी झाल्या, आणि पूस लागला की दोघं म्हातारे खळ्यावर बांबूशी बसून एकमेकांच्या सात पिढ्या काढत होते. प्रेम वगैरे काही झालं नाही, उगाच कोणी डोळे पुसू नका. एकमेकांच्या घरी ते कधी जेवले नाहीत. पण ढवळ्या आणि टायगर मात्र सुखानं, निवांत मेले. खळ्यावर भिंत आली नाही.

बाबा आधी गेले. त्या हिवाळ्यात मी गावी होते, एका रात्री खळ्याकडून मोठबाचा आवाज आला म्हणून वर चढून गेले. एकटाच बसला होता. उघड्या डोळ्यांनी वर पाहत होता, बांबू आता त्याला वाकून वापरता येत नव्हता. "निजला का बे, लुच्च्या?" तो म्हणत होता. "तुह्या अंगाचा एक दाना कमी दिसून रायला. मी नाही घेतला. सांगून ठेवतो, मी नाही घेतला." मी तशीच मागे फिरले. माझ्या डोळ्यांना तर सगळे दिसत होते.

आता माझ्याकडे चांगली दुर्बीण आहे, लेकीनं घेऊन दिलेली, आणि आज्याची डावी काच डबीत कापसात आहे. उजवी मोठबाच्या पोराकडे, माझ्या चुलतभावाकडे. तो नागपुरात असतो. आमचं फारसं पटत नाही. खळ्यावर आज झुडपं आहेत, आणि ते अजून दोघांचंच आहे. दरवर्षी थंडी पडली की एका संध्याकाळी त्याचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कुसमे, कृत्तिका आली. उजवीकडचे आमचे हायेत. पाहू नोको बरं त्याईच्याकडं."

"नाही पाहत," मी म्हणते, फोन ठेवते, शाल गुंडाळून गच्चीवर जाते, दुर्बीण लावते, आणि पहिल्यांदा नेमके त्याचेच पाहते.